शहरातली जमीन आणि नगररचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोलाचे आणि स्थापत्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि एखाद्या आराखड्यावर हरकत घ्यायला निघालेले नागरिक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात. काहींची संपत नाहीत, त्यांना तेवढी जागा दिली आहे.

भू-वापराचे सिद्धांत आणि नगररचना यांत फरक काय?

कुणी काही ठरवलं नाही तर जमीन कशासाठी वापरली जाईल, हे सिद्धांत सांगतात. ती कशासाठी वापरली जावी, हे नगररचना सांगते. गोंधळ होतो तो नकाशांमुळे. आज आहे तो भू-वापर आणि प्रस्तावित भू-वापर हे दोन्ही नकाशे सारख्याच रंगांत छापलेले असतात, आणि लोक दुसऱ्याकडे पहिल्यासारखं बघतात. प्रस्तावित नकाशावर हिरवा रंग आहे म्हणून तिथे बाग होतेच असं नाही. त्या जागेचा भाव काय आहे आणि ती ताब्यात घ्यायला पैसे कोण देणार, यावर ते ठरतं.

शहराचा सिद्धांत शिकताना सुरुवात शेतीपासून का करतात?

कारण योहान हाइनरिख फॉन थ्यूनेन शेतकरी जमीनदार होता. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागात टेलो इथे त्याची शेती होती. तिथल्या हिशेबाच्या वह्यांवरून त्याने १८२६ मध्ये एक काल्पनिक देश मांडला: सगळीकडे सारखी सुपीक, सपाट जमीन, मधोमध एकच शहर आणि मालाची ने-आण गाडीने. अशा देशात शहराला लागून दूध आणि भाजीपाला येतो. त्यानंतर जंगल, कारण सरपण जड असतं आणि लांबून आणणं परवडत नाही. मग धान्य. सगळ्यांत बाहेर गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजाराला येतात. जमीन सगळीकडे सारखीच असूनही भाडं वेगवेगळं आलं, ते केवळ अंतरामुळे. एखाद्या जागेचा भाव तिच्या आजूबाजूला काय आहे यावर ठरतो, ही गोष्ट इथे पहिल्यांदा आकड्यांत बसली. या पानावरचे पुढचे जवळपास सगळे वाद त्यातूनच निघतात.

बोली-भाडं म्हणजे काय? आलेखातल्या त्या तिरक्या रेषा समजत नाहीत.

विल्यम अलोन्सोने १९६४ मध्ये थ्यूनेनचीच युक्ती शहराला लावली. एडविन मिल्स आणि रिचर्ड म्यूथ यांनी त्याच दशकात ती पुढे नेली. एक मांडणी हाताने करून बघा.

केंद्रातल्या जागेसाठी दुकानदार दर चौरस मीटरला १०० एकक भाडं द्यायला तयार आहे. त्याला गिऱ्हाईक लागतं, म्हणून केंद्रापासून दर किलोमीटरला त्याची बोली २५ एककांनी घसरते. राहायला घर शोधणारा केंद्रात ५५ एकक देईल आणि त्याची बोली किलोमीटरमागे १० ने उतरेल. शेतकऱ्याची बोली सगळीकडे ५. आता जो जास्त देईल त्याला जागा. तीन किलोमीटरवर दुकानदार आणि घरवाला दोघेही २५ वर येतात, म्हणजे तिथपर्यंत बाजार आणि पुढे वस्ती. पाच किलोमीटरवर घरवाल्याची बोली ५ वर उतरते, तिथे शहर संपतं आणि शेत सुरू होतं.

आता वेगवान रेल्वे आली आणि घरवाल्याची घसरण किलोमीटरमागे १० ऐवजी ५ झाली असं धरा. शहराची कड पाच किलोमीटरवरून थेट दहावर जाते. त्रिज्या दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. नव्या मार्गाची घोषणा झाली की कडेच्या शेतांचे व्यवहार एकाएकी का वाढतात, याचं उत्तर या आकडेमोडीत आहे. खऱ्या शहरात केंद्रातले भावही हलतात, उत्पन्न बदलतं, लोक बाहेरून येतात. पण दिशा हीच राहते.

मग गरीब माणसं महागड्या जागेवर दाटीवाटीने का राहतात?

ती जागा थोडी घेतात म्हणून. दर महाग असला तरी एका खोलीत चौघं राहिले की माणशी भाडं पेलतं आणि कामावर चालत जाता येतं. श्रीमंताला जागा ऐसपैस हवी, म्हणून स्वस्त दराच्या कडेला त्याचा फायदा जास्त. अमेरिकी शहरांना हे चपखल लागू पडलं.

पॅरिसला मात्र उलटं आहे: मध्यभागी श्रीमंत, बाहेर गरीब. जुन्या वास्तू, नदीकाठ, नाट्यगृहं अशा गोष्टी केंद्रात असल्या की श्रीमंत त्यांच्यासाठी जादा मोजायला तयार होतो आणि सगळा क्रम फिरतो. ‘श्रीमंत बाहेर राहतात’ हा नियम म्हणून पाठ करू नका.

बर्जेसच्या समकेंद्री वलयांत नक्की काय सांगितलं आहे?

अर्नेस्ट बर्जेसने १९२५ मध्ये शिकागो डोळ्यांसमोर ठेवून पाच वलयं मांडली: मध्यवर्ती व्यापारी भाग, संक्रमण पट्टा, कामगारांची घरं, बऱ्यापैकी निवासी भाग आणि रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरं. शिकागोच्या पूर्वेला मिशिगन सरोवर असल्यामुळे त्याच्या नकाशावर शहर अर्ध्याच वर्तुळात मावतं, ही बाब पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या बहुधा गाळतात.

वलयांची नावं पाठ होतात, पण खरा मुद्दा दुसऱ्या वलयात आहे. व्यापार आज ना उद्या आपल्यापर्यंत पसरेल आणि जागा सोन्याच्या भावाने जाईल, या आशेवर संक्रमण पट्ट्यातला मालक इमारत धरून बसतो. इमारत पाडायचीच आहे, मग दुरुस्तीवर खर्च कशाला? छप्पर गळतं, जिने खिळखिळे होतात, मोठ्या घरांच्या खोल्या पाडून त्या एकेक भाड्याने जातात. शहरात नव्याने आलेल्यांना परवडेल अशी जागा तेवढीच असते, म्हणून ते तिथे येतात. हातात पैसा आला की पुढच्या वलयात सरकतात आणि त्यांच्या जागी पुढची तुकडी येते. बर्जेसने याला आक्रमण आणि अनुक्रमण हे शब्द वनस्पतिशास्त्राकडून उसने घेतले. वस्तीची पडझड आणि जागेचा चढा भाव एकाच ठिकाणी सुखाने नांदतात, हे त्याने अचूक पकडलं. उसन्या शब्दांची अडचण अशी, की जंगलात कुणी मालक नसतो. वाचताना हे सगळं ऋतुचक्रासारखं आपोआप घडतंय असं वाटायला लागतं आणि भाव धरून बसलेला माणूस चित्रातून निसटतो.

होयटचा सिद्धांत म्हणजे त्याच वलयांच्या पाचरी केल्या, एवढंच ना?

आकृती तशी दिसते, पण पुरावा निराळा आहे. होमर होयटने १४२ अमेरिकी शहरांतल्या भाड्यांची माहिती तपासून १९३९ मध्ये त्रिज्यखंडाचा सिद्धांत मांडला. महाग वस्ती एकदा शहराच्या एका दिशेला सुरू झाली की ती त्याच दिशेने बाहेर सरकत जाते, जलद वाहतुकीच्या रस्त्यालगत, उंचवट्यावर, पाण्याच्या काठाने. कारखाने रेल्वेमार्ग धरून वाढतात आणि त्यांना लागून स्वस्त घरं.

या सिद्धांताला काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय तो शिकवू नये. होयटने हे काम गृहकर्जांना विमा देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेसाठी केलं. त्याआधी १९३३ मध्ये शिकागोच्या जमिनींच्या भावांवर लिहिताना त्याने कोणत्या वंशाचे लोक आल्याने भाव किती पडतो याची उतरंडही दिली होती. त्या दशकातल्या कर्जव्यवस्थेने अशाच समजुती नियमात आणल्या. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवल्या, तिथे कर्ज मिळेना, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि पडझड झाली की मूळ अंदाज खरा ठरला असं म्हणायचं. घरांच्या व्यवहारातला वंशभेद अमेरिकी कायद्याने १९६८ मध्ये बंद केला.

बहुकेंद्रक सिद्धांत कुणी मांडला आणि केंद्रं अनेक का होतात?

चॉन्सी हॅरिस आणि एडवर्ड उलमन, १९४५. कारणं चार: काही उद्योगांना बंदरासारख्या खास सोयी लागतात, काही व्यवसाय एकमेकांजवळ राहून कमावतात, काहींचं एकमेकांशी पटत नाही (पोलादाचा कारखाना आणि उच्चभ्रू बंगले), आणि काहींना चांगल्या जागेचं भाडं परवडत नाही, उदाहरणार्थ गोदामं.

या तिघांत बरोबर कोण?

तिघेही आपापल्या प्रश्नापुरते. वलय वय सांगतं, पाचर दिशा सांगते, केंद्रक व्यवसायांचं गणित सांगतं. एकाच शहरावर तिन्ही एकावर एक ठेवता येतात. परीक्षेत ‘टीकात्मक परीक्षण करा’ असं आलं की ‘प्रत्यक्षात शहरं गोल नसतात’ हे वाक्य लिहिण्याचा मोह टाळा, ते बर्जेसलाही ठाऊक होतं.

वाल्टर ख्रिस्टालर यात कुठे बसतो?

बसत नाही. त्याचा १९३३ चा मध्यवर्ती स्थान सिद्धांत शहराच्या पोटातला नाही. दक्षिण जर्मनीतली गावं आणि शहरं एकमेकांपासून किती अंतरावर आणि किती मोठी असतात, हे त्याने षटकोनांनी मांडलं.

झोनिंगची सुरुवात कशी झाली?

शहराचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगळे नियम लावण्याचा प्रयोग फ्रांकफुर्टने १८९१ मध्येच केला होता. पण जगाने उचललं ते न्यूयॉर्कचं उदाहरण. तिथे १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली. चाळीसच्या आसपास मजले, रस्त्याच्या कडेपासून सरळ वर, कुठेही मागे न सरलेल्या भिंती, आणि शेजारच्या इमारतींवर दिवसाढवळ्या सावली. पुढच्याच वर्षी शहराने वापर, उंची आणि मोकळी जागा यांचे नियम एकत्र केले. १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं.

सावली आणि धूर ही कारणं खरी होती. पण त्याच नियमांनी पुढे अमुक भागात फक्त स्वतंत्र बंगले, भूखंड इतक्याहून लहान नको, अशा अटी घातल्या. त्यामुळे कमी उत्पन्नाचा माणूस नाव न घेता बाहेर ठेवता आला.

चटई क्षेत्र निर्देशांक वाढवला की गर्दी वाढते का?

आधी हा निर्देशांक, म्हणजे एफएसआय, काय आहे ते पक्कं करू. भूखंड १,००० चौरस मीटर आणि निर्देशांक १ असेल तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधता येतं. अर्धा भूखंड व्यापला तर दोन मजले, पाव व्यापला तर चार. म्हणजे निर्देशांक तोच ठेवून बसकी इमारतही होते आणि उंचही. उंची बघून निर्देशांकाचा अंदाज बांधणारे हमखास फसतात.

आता गर्दी. याच १,००० चौरस मीटरमध्ये ५० चौरस मीटरची २० घरं बसतात किंवा २०० चौरस मीटरची पाच. प्रत्येक घरात चार माणसं धरली तर एकीकडे ८०, दुसरीकडे २०. बांधकाम तेवढंच. निर्देशांक बांधकाम मोजतो, माणसं मोजत नाही. तो करकचून कमी ठेवला म्हणून लोक यायचे थांबत नाहीत. ते कमी जागेत राहतात किंवा शहराच्या कडेला जातात. तो नुसताच वाढवला आणि रस्ते, पाणी, मैला यांची क्षमता तीच ठेवली तर त्रास होतो हेही तितकंच खरं. माझ्या मते वादाचा आकडा वेगळा आहे: माणशी किती चौरस मीटर चटई क्षेत्र आणि माणशी किती रस्ता. सभांमध्ये तो फारसा कुणी विचारत नाही.

आणखी एक. निर्देशांक दुप्पट झाला त्या दिवशी जमिनीत काहीच बदललेलं नसतं, पण तिचा भाव बदलतो. एका सहीने तयार झालेली ही संपत्ती कुणाची, हा खरा प्रश्न.

टीडीआर म्हणजे काय?

एखाद्या जागेवर बांधायचा हक्क तिथून सोडवून दुसरीकडे वापरायचा. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्थानक वारसा वास्तू म्हणून जपलं गेलं तेव्हा मालक कंपनीने नुकसान झाल्याची तक्रार केली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू घेतली, त्यात हे हस्तांतरणीय हक्क उपलब्ध असल्याचाही विचार झाला. हक्क उतरतो कुठे, हे नीट ठरवलं नाही तर एका वस्तीचा भार दुसरीच्या डोक्यावर जातो.

गार्डन सिटी म्हणजे झाडांचं टुमदार उपनगर ना?

हा गैरसमज इतका पसरला आहे की बांधकाम कंपन्यांच्या जाहिराती त्यावरच चालतात. एबेनेझर हॉवर्ड वास्तुविशारद नव्हता, लंडनमध्ये संसदेच्या कामकाजाचं लघुलेखन करणारा माणूस होता. १८९८ च्या त्याच्या पुस्तकात ६,००० एकर जमीन आहे. त्यातल्या १,००० एकरांवर शहर, बाकी शेती, आणि एकूण वस्ती ३२,०००. कारखाने, बाजार, शाळा सगळं आतच. म्हणजे ते उपनगर मुळीच नाही.

त्याहून महत्त्वाचा त्याचा हिशेब. जमीन शेतीच्या भावाने विकत घ्यायची आणि ती एका विश्वस्त मंडळाच्या नावावर ठेवायची. कुणालाही कायमची विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची. शहर वाढेल तसं भाडं वाढेल, त्यातून आधी कर्ज फेडायचं आणि मग उरलेल्यातून वृद्धांना निवृत्तिवेतन, दवाखाने, रस्ते. लोकांच्या येण्याने भाव वाढला, तर वाढीचा पैसा त्याच लोकांकडे परत. १९०३ मध्ये लेचवर्थ आणि १९२० मध्ये वेलविन उभं राहिलं. लेचवर्थमध्ये आजही एक प्रतिष्ठान गावातल्या मालमत्तांचं भाडं गोळा करून गावावरच खर्च करतं. जगभर नक्कल झाली ती हिरवळीची, हिशेबाची नाही.

नेबरहूड युनिट ही कल्पना अजून चालते का?

चालते, नाव बदलून. क्लॅरन्स पेरीने १९२९ मध्ये न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यासाठी ती मांडली: मध्यभागी प्राथमिक शाळा, ती चालेल एवढीच लोकसंख्या, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, दुकानं कोपऱ्यांवर. मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये हा साधा हेतू. चंदीगडच्या ८०० मीटर बाय १,२०० मीटरच्या सेक्टरांत हीच कल्पना दिसते. अडचण कडेच्या रस्त्यांची. मुलं सुरक्षित झाली, पण शेजारच्या वस्तीत पायी जाणं अवघड झालं.

ल कॉर्बुझिए आणि जेन जेकब्ज यांचा वाद कशावरून?

दोघांची समोरासमोर गाठ नाही, वाद विचारांचा. वास्तुविशारद कॉर्बुझिएने १९२५ मध्ये मध्य पॅरिसचा मोठा भाग पाडून तिथे १८ मनोरे उभारायचा आराखडा मांडला. १९३३ मध्ये मार्सेहून अथेन्सला निघालेल्या जहाजावर आधुनिक वास्तुविशारदांची परिषद भरली. तिच्यातून आलेल्या सनदेने शहराची चार कामं ठरवली: निवास, काम, विरंगुळा, वाहतूक. प्रत्येकाला स्वतंत्र जागा.

जेकब्ज न्यूयॉर्कमध्ये राहणारी पत्रकार. १९६१ मध्ये तिने लिहिलं की रस्ता जिवंत राहतो तो नेमकं हे सगळं मिसळल्याने. तिच्या अटी चार: एकाहून अधिक मुख्य वापर, लांबीला लहान चौक-गल्ल्या, जुन्या-नव्या इमारतींची मिसळ आणि पुरेशी दाट वस्ती. जुन्या इमारतींचं तिचं कारण भावनिक नाही, नवीन इमारतीचं भाडं नव्या धंद्याला झेपत नाही म्हणून. इथे ती अर्थतज्ज्ञांच्या फार जवळ येते.

मनोऱ्यांच्या विरोधात अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या प्रुइट-आयगो या सरकारी घरसंकुलाचा दाखला नेहमी देतात. अकरा मजली ३३ इमारती, १९५४ पासून वस्ती, १९७२ मध्ये पाडायला सुरुवात. दोष वास्तुरचनेवर लोटणं सोपं आहे. पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा होता आणि शहराची लोकसंख्या तर घटत होती. घरं रिकामी पडली तसा देखभालीचा पैसा आटला. लिफ्ट बंद पडली की अकरावा मजला कुणी बांधला याने फरक पडत नाही.

हरित पट्ट्याने शहर रोखता येतं का?

रेषेपर्यंत, हो. लंडनचा हरित पट्ट्याचा कायदा १९३८ चा, सोलने पट्टा आखला १९७१ मध्ये. वाढ मात्र पट्टा ओलांडून पलीकडे उतरते, लोक रोज हिरवळ पार करून कामाला येतात आणि आतल्या जागा महागतात. कोपनहेगनने १९४७ मध्ये वेगळी वाट घेतली: रेल्वेमार्गांवर पाच बोटांसारखी वाढ होऊ द्यायची आणि बोटांच्या मधली जागा मोकळी राखायची. मला हे जास्त पटतं, कारण यात माणसांना जागा आधी दिली आहे.

रस्ता रुंद केला तरी कोंडी का होते?

फुकटात मिळणारी गोष्ट वाढवली की वापरही वाढतो. अमेरिकी महानगरांतल्या महामार्गांवरचा गाड्यांचा प्रवास मार्गिकांच्या लांबीच्या जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, हे जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवलं.

टीओडी आणि पंधरा मिनिटांचं शहर एकच का?

नाही. टीओडीत (वाहतूक-केंद्री विकासात) स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात घरं आणि कामं दाट बसवतात. हे नाव पीटर कॅलथॉर्पमुळे १९९० च्या दशकात रुळलं. ब्राझीलच्या कुरितिबाने त्याआधीच, १९७४ पासून, बससाठी राखीव मार्ग काढून उंच इमारतींना त्याच अक्षांलगत परवानगी दिली.

पंधरा मिनिटांचं शहर ही कार्लोस मोरेनोची २०१६ ची मांडणी. रोजच्या गरजा पायी किंवा सायकलवर भागाव्यात. शाळा, दवाखाना, किराणा यांना ती उत्तम लागू होते, नोकरीला होत नाही. मोठं शहर चालतं ते दहा हजार प्रकारची कामं आणि ती करणारी माणसं एकमेकांना सापडतात म्हणून. घरापासून पंधरा मिनिटांत आपल्याच कौशल्याचं काम मिळेल असा आग्रह धरला तर शहरात राहण्याचा फायदाच जातो.

वाढीव किंमत वसूल करण्याचे मार्ग कोणते?

हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये जमिनीच्या मूल्यावर कर सुचवला. इमारतीवर नको, फक्त जागेवर. म्हणजे मोक्याची जागा रिकामी ठेवणाऱ्यालाही शेजारच्या इमारतीइतकाच कर. दुसरा मार्ग वाढीव बांधकामासाठी शुल्क घेण्याचा.

तिसरा मार्ग भूखंडांच्या फेरआखणीचा. वेड्यावाकड्या शेतांचे मालक आपली जमीन एकत्र करतात, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढतात आणि उरलेले भूखंड चौकोनी करून परत वाटून घेतात. समजा १,००० चौरस मीटर दिले आणि ६०० परत मिळाले. पण पूर्वी जिथे बांधाने जावं लागे तिथे आता रस्ता आणि पाण्याची जोडणी आहे, म्हणून ६०० ची किंमत आधीच्या १,००० हून जास्त होऊ शकते. सरकारला भूसंपादनाचे पैसे मोजावे लागत नाहीत, जमीनमालक विस्थापित होत नाही. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचा मोठा भाग या पद्धतीने नव्याने आखला गेला. शेतात मालक नसलेली कुळं किंवा मजूर राहत असतील तर मात्र या वाटपात त्यांच्या नावावर काहीच येत नाही.

हूस्टनमध्ये झोनिंगच नाही हे खरं का?

खरं. १९४८, १९६२ आणि १९९३ मध्ये मतदारांनी ते नाकारलं. पण म्हणून तिथे नियमच नाहीत असं नाही. खरेदीखतातल्या अटी महापालिका अमलात आणते आणि भूखंडाच्या किमान आकाराचा नियमही आहे. १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात हा किमान आकार ५,००० चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणता येईल अशी सोय केली. त्यानंतर एका जुन्या बंगल्याच्या जागी तीन-चार अरुंद घरं, अशी बांधणी तिथे मोठ्या प्रमाणावर झाली.